नित्याची वाट

वसंत ऋतू नेमका केव्हा येतो, या प्रश्नाचे उत्तर पंचांगात एक मिळते, काव्यात दुसरे मिळते आणि रस्त्यावर तिसरेच मिळते. पंचांगकार चैत्र व वैशाख हे दोन मास वसंताचे म्हणून सांगतात. वैदिक काळी यांनाच मधु व माधव अशी गोड नावे होती. कालिदासाने ‘ऋतुसंहारा’चा आरंभ ग्रीष्मापासून करून वसंतास शेवटच्या, सहाव्या सर्गात आणून बसविले आहे, जणू एखाद्या यजमानाने उत्तम पक्वान्न पंगतीच्या अखेरीकरिता राखून ठेवावे. परंतु आमच्या मराठवाड्यात वैशाखास वसंत म्हणण्याची सोय नाही. ज्या महिन्याच्या नावापुढे मराठी भाषेने ‘वणवा’ हा शब्द कायमचा जोडून दिला, त्यात कोकिळेनेही दुपारी तोंड मिटून बसावे हेच बरे. आमच्या इकडचा वसंत महाशिवरात्रीच्या सुमारास चाहूल देतो आणि हनुमान जयंतीच्या आसपास निरोप घेतो. म्हणजे सारा मिळून दीड महिन्याचा पाहुणा. त्यातही तो दिवसभर भेटत नाही. सूर्योदयाच्या अलीकडची अर्धी व पलीकडची एक अशी जेमतेम दीड घटका नव्हे, पण दीड तास त्याची भेट होते. नऊ वाजता घराबाहेर पडणारास तो भेटत नाही, आणि वाहनात बसून जाणारास भेटला तरी ओळख पटत नाही.

शिवाय पंचांगाचा आणि झाडांचा मेळ दर वर्षी सारखा बसत नाही, हेही ध्यानात ठेविले पाहिजे. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान. ती तूट अधिक मासाने भरून काढावी लागते. त्यामुळे २०२४ साली गुढीपाडवा ९ एप्रिलास आला, तर २०२५ साली तो ३० मार्चासच येऊन गेला. झाडे मात्र सूर्याचा हिशेब ठेवितात. पाडवा उशिरा आला म्हणून कडुनिंब आपला मोहोर थांबवून धरीत नाही. पाडव्याच्या प्रसादासाठी निंबाचा मोहोर हवा असे घरातून सांगण्यात येते, तेव्हा एखाद्या वर्षी तो सडा होऊन भुईवर पडलेला असतो, तर एखाद्या वर्षी कळ्याच खुडून आणाव्या लागतात. कोणत्या वर्षी काय होणार हे सांगण्याचे काम गेली काही वर्षे आमच्याकडे आले आहे; कारण सेवानिवृत्त झाल्यापासून हा आठवा वसंत आम्ही एकाच वाटेवर पायी पाहत आहो.

वाट म्हणण्याजोगी ती फार मोठी नाही. हिंगोलीच्या जुन्या वस्तीतील आमच्या घरापासून कयाधू नदीपर्यंत जावयाचे आणि त्याच रस्त्याने परत यावयाचे, एवढाच आमचा प्रवास. हिंगोली हे १ मे १९९९ पासून जिल्ह्याचे ठिकाण झाले. तत्पूर्वी ते परभणी जिल्ह्यातील तालुक्याचे गाव होते. परंतु त्याची खरी जुनी ओळख छावणीची. निजामाच्या राज्यात ‘हैदराबाद कंटिंजंट’ नावाची जी फौज इंग्रज अंमलदारांच्या हाताखाली असे, तिचा एक तळ येथे होता. १९०३ साली ती छावणी उठली. पलटणी गेल्या, घोडी गेली, तोफा गेल्या; नावे तेवढी राहिली. पलटण, रिसाला, तोफखाना, सदर बाजार आणि पेन्शनपुरा हे शब्द आजही आमच्या गावातील माणसे पत्ता सांगताना सहज उच्चारतात. रिसाल्यात आता घोडेस्वार नाहीत, दुचाकीस्वार आहेत. तोफखान्यात दिवाळीचे फटाके तेवढे उडतात. पेन्शनपुऱ्याचे नाव कानी पडले म्हणजे मात्र आम्हांस अजून थोडे हसू येते. ज्या वस्तीस निवृत्त शिपायांनी नाव दिले, त्या वस्तीच्या दिशेने एका निवृत्त शाळामास्तराने रोज प्रातःकाळी काठी टेकीत जावे, यात एक प्रकारचे औचित्य आहे.

आम्ही निघतो तेव्हा चांगलेसे उजाडलेले नसते. फाल्गुनात अंगावर उपरणे घ्यावेसे वाटते. चैत्र लागला की तेच उपरणे येताना खांद्यावर येते. दारोदार सडा पडत असतो. कोणाच्या अंगणात फरशी आली आहे, तेथे सड्याऐवजी पाणी शिंपडतात. पण रांगोळीची चार बोटे उमटल्यावाचून बहुतेक उंबरठे अजून राहत नाहीत. वर्तमानपत्रे टाकणारी मुले सायकली सोडून आता मोटारसायकलींवर आली, तथापि आम्हांस पाहून वेग कमी करण्याइतकी शाळेची आठवण त्यांच्यात शिल्लक आहे. फजरची नमाज आटोपून मशिदीतून परतणारे एक वृद्ध गृहस्थ रोज एका ठराविक खांबापाशी भेटतात. ते ‘मास्तरसाब, आदाब’ म्हणतात, आम्ही नमस्कार करितो. आमच्या वडिलांच्या पिढीस निजामी अमलात उर्दू शिकावी लागली. ते असते तर त्यांनी त्या गृहस्थांशी आमच्याहून पुष्कळ बरे संभाषण केले असते. आमचे बोलणे दोन वाक्यांपलीकडे जात नाही, आणि त्यांतील एक वाक्य बहुधा पिंपळाविषयीचे असते.

तो पिंपळ म्हणजे आमच्या वाटेवरील पहिला थांबा. माघाच्या शेवटी त्याची पाने पिवळी पडून गळू लागतात आणि काही दिवस तो अगदी संन्याशासारखा उभा असतो. नंतर एके दिवशी फांद्यांच्या टोकांस ताम्रवर्णाची बारीक टोके दिसू लागतात. चार दिवसांत त्यांची पाने होतात, आणि सकाळच्या उन्हात ती अशी लकाकतात की झाडाला पाने आली आहेत की कोणी तांब्याची पळ्या-पंचपात्रे घासून टांगली आहेत, असा क्षणभर संशय यावा. पाश्चात्त्य देशांत पानगळ शरदात होते आणि पालवी वसंतात फुटते. मध्ये संबंध हिवाळा जातो. आमच्याकडे गळणे आणि फुटणे ही दोन्ही कामे वसंताने एकट्यानेच अंगावर घेतली आहेत. एकाच झाडाची एक फांदी म्हातारी आणि दुसरी तान्ही, असे दृश्य येथे आठ-पंधरा दिवस नित्य दिसते. एकत्र कुटुंबात वाढलेल्या माणसास त्याचे नवल वाटण्याचे कारण नाही.

पिंपळ मागे टाकला की कडुनिंबांची रांग लागते. निंबाच्या मोहोराचा वास फार मंद. तो नाकाने शोधावयास गेले तर सापडत नाही, आपण दुसऱ्या विचारात असताना तो आपणांस शोधीत येतो. त्याच्या पलीकडे करंज. करंजाची फुले एप्रिलात झडू लागतात, तेव्हा खालची माती लाह्या सांडल्याप्रमाणे दिसते. वस्ती विरळ होऊन शेतांचे बांध दिसू लागले म्हणजे काटेसावर आणि पळस. सावरीच्या लाल फुलांतील रसावर कावळे, साळुंक्या आणि बुलबुल यांची अशी गर्दी जमते की लग्नघरी पहिली पंगत बसल्याचा भास व्हावा. पळसाविषयी तर मराठीत म्हणच आहे की, कोठेही गेले तरी पळसाला पाने तीनच. म्हण खोटी नाही. परंतु ती ज्याने रचिली त्याने पळस फाल्गुनात पाहिला नसावा, असे आम्ही विनोदाने म्हणतो. कारण त्या दिवसांत पळसाला तीन काय, एकही पान नसते! सारे झाड निव्वळ फुलांचे. संस्कृतात त्यास ‘किंशुक’ म्हणतात. हा पोपट तर नव्हे, असा प्रश्न त्या नावातच आहे, आणि फुलाची ती बाकदार चोच पाहिली म्हणजे प्रश्न विचारणाऱ्याच्या दृष्टीचे कौतुक वाटते. मुंजीत बटूच्या हाती ज्याचा दंड द्यावयाचा, होमात ज्याच्या समिधा घालावयाच्या, पंगतीत ज्याच्या पत्रावळी मांडावयाच्या आणि रंगपंचमीस ज्याच्या फुलांचा रंग काढावयाचा, असे हे झाड बांधावर कोणी न लाविता वाढते. कोकिळेस ‘परभृत’ म्हणणाऱ्यानेही असेच उघड्या डोळ्यांनी पाहिले होते. दुसऱ्याने पोसलेली, एवढा त्या शब्दाचा अर्थ. कावळ्याच्या घरट्यात वाढणाऱ्या पिलाची सर्व हकिकत त्यात आली. शाळेत हे शब्द मुलांकडून घोकून घेण्यात आमचे आयुष्य गेले. आता ते शब्द रस्त्याच्या दुतर्फा उभे असलेले भेटतात.

आमच्या जिल्ह्याच्या वसंतास आणखी एक गंध आहे, आणि तो कोणत्याही संस्कृत कवीने वर्णिल्याचे आम्ही वाचिलेले नाही. तो शिजणाऱ्या हळदीचा. हिंगोली आणि वसमत हा भाग हळदीचा. माघ-फाल्गुनात कंद खणून काढितात. मग ते शिजवावयाचे, उन्हात दहा-पंधरा दिवस वाळवावयाचे आणि फिरत्या पिंपात घालून वरची साल झडेपर्यंत घोळावयाचे, तेव्हा बाजारातील हळकुंड तयार होते. पूर्वी शेतात मोठमोठ्या काहिली चुलाणावर चढत. आता बहुतेक ठिकाणी वाफेची पिंपे आली. परंतु वास तोच आहे: थोडा मातीचा, थोडा आल्याचा, आणि तिसरा असा की ज्यास हळदीचाच म्हणण्यावाचून गत्यंतर नाही. वारा शेतांकडून आला म्हणजे तो नदीच्या अलीकडेच गाठतो. या दिवसांत हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात लिलावासाठी गाड्यांच्या रांगा लागतात, आणि पोत्यांखाली रात्र काढलेले शेतकरी चहाच्या टपरीवर तोंड धुताना दिसतात. घरोघरच्या चैत्रगौरीपुढे सुवासिनींना जी हळद लावितात, तिच्यामागे कोणाच्या किती रात्री गेल्या आहेत, हे सकाळी त्या बाजूने जाणारासच कळते.

आणि मग नदी. फाल्गुनात कयाधूस फारसे पाणी नसते. वाळू, खडक आणि मधून एखादी चिंचोळी धार. परंतु तिच्या नावाचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. कयाधू ही हिरण्यकशिपूची राणी, प्रल्हादाची माता. तिच्या उदरी असतानाच प्रल्हादाने नारदाचा उपदेश ऐकला, असे भागवतात सांगितले आहे. होळीच्या कथेत आपण होलिकेचे नाव घेतो, प्रल्हादाचे घेतो, नृसिंहाचे घेतो. ज्या मातेचा पुत्र अग्नीत नेला जात होता तिचे नाव मात्र कोणी घेत नाही. ते आमच्या जिल्ह्याने एका नदीस देऊन जपून ठेविले आहे. याच नदीच्या काठी नर्सी हे नामदेवांचे गाव; आणि भक्तीची ही दोन नावे एका पाण्याने जोडली जावीत, हा योगायोग असला तरी गोड आहे. होळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी धुराचा वास अजून गावावर तरंगत असताना त्या वाळूच्या काठी आम्ही थोडे अधिक वेळ उभे राहतो.

इतके झाल्यावर परतावयाचे. आता कोणी विचारील, आणि आमच्या पुतण्याच्या मुलाने ते विचारिलेही, की रोज तोच रस्ता, तीच झाडे, तीच माणसे. यात कंटाळा कसा येत नाही? हा मुलगा पुण्यास शिकतो. त्याच्या मनगटावर पावले मोजणारे घड्याळ आहे. त्याने हिमालयातील एक शिखर पायी पाहिले आहे, आणि त्याच्या दृष्टीने कयाधूपर्यंत जाऊन येणे म्हणजे घरातल्या घरात फेऱ्या घालण्यासारखेच. ‘धाकटे आजोबा,’ तो म्हणाला, ‘निदान रस्ता तरी बदला.’

आम्ही त्यास वेदपाठाची गोष्ट सांगितली. संहिता मुखोद्गत झाली म्हणजे विद्यार्थ्याचे काम संपते, असे आपल्या पूर्वजांस वाटले नाही. त्यांनी तीच पदे सुटी करून म्हणण्यास लाविली. मग पहिले-दुसरे, दुसरे-तिसरे अशा जोड्यांनी म्हणण्यास लाविली, त्यास ‘क्रम’ असे नाव दिले. त्यापुढे जटापाठात पहिले-दुसरे, दुसरे-पहिले, पुन्हा पहिले-दुसरे, असे पुढे जावयाचे, मागे यावयाचे आणि पुन्हा पुढे जावयाचे. घनपाठात तर हे येणेजाणे तीन तीन पदांचे. एकही नवा शब्द मिळत नाही. परंतु एक मात्रा जरी हलली तरी ती कानास तत्काळ टोचते. क्रम या शब्दाचा मूळ अर्थच पाऊल टाकणे हा आहे. नित्याची वाट हे पायांचे पाठांतर होय. जो एकदा गेला त्यास झाड दिसते. जो रोज गेला त्यास झाडात काल नव्हते ते दिसते. मुलाने मान हालविली. पटले म्हणून की वडीलधाऱ्यांस बरे वाटावे म्हणून, हे आम्ही विचारिले नाही.

परंतु त्यास जे सांगितले नाही ते वाचकांस सांगावयास हरकत नाही. रस्ता न बदलण्याचे आमचे खरे कारण वेदपाठ हे नसून आमचे वडील बंधू हे आहे. अण्णा आमच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे. तहसील कचेरीत कारकुनी करीत असतानाही त्यांनी प्रातःकाळचा फेरफटका कधी चुकविला नाही. ही वाट मूळची त्यांची, आम्ही सेवानिवृत्त झाल्यावर तीत सामील झालो. पहिले तीन वसंत आम्ही दोघे बरोबर गेलो. पुढे त्यांच्या डोळ्यांस काचबिंदू झाल्याचे निष्पन्न झाले. या विकारात दृष्टी कडेकडून आवळत मध्याकडे येते, आणि गेलेली दृष्टी औषधाने वा शस्त्रक्रियेने परत येत नाही. उरलेली राखता आली तर पुष्कळ. त्यांच्या बाबतीत फारशी राहिली नाही. आता ते ओट्यावर बसतात, आणि आम्ही परत आल्याची काठी वाजली की विचारितात, ‘काय रे, पिंपळ?’

आम्ही सांगतो, ‘दक्षिणेकडची फांदी फुटली.’ ते मान डोलवितात. ‘निंब?’ ‘तिसऱ्याला कळ्या आहेत, बाकीचे अजून नाहीत.’ ‘तिसरा नेहमीच घाई करतो,’ असे म्हणून ते हसतात. पळस, सावर, नदीची धार, हळदीच्या गाड्या, मशिदीजवळचे गृहस्थ, असे एकेक नाव ते क्रमाने घेतात, आणि आम्ही शाळेत मुलाने धडा म्हणून दाखवावा त्याप्रमाणे उत्तरे देतो. येथे आम्हांस त्या नित्य वाटेचे खरे मोल कळते. आम्ही रोज नवा रस्ता धरिला असता तर सांगण्यासारखे पुष्कळ मिळाले असते; परंतु अण्णांस त्यातले काहीच दिसले नसते. ती त्यांच्या पाठातली वाट आहे, म्हणून ‘तिसरा निंब’ एवढे म्हणताच त्यांच्यापुढे झाड उभे राहते. ज्याचे मूळ मुखोद्गत आहे, त्यास पाठभेद तेवढा सांगितला की पुरते.

देवाणघेवाण एकतर्फी आहे असेही नाही. तांबट पक्ष्याची ती टुक्-टुक् ऊन वाढू लागले की ऐकू येते. गेल्या साली ती अण्णांनी ओट्यावर बसून आमच्या अगोदर दोन दिवस ऐकली. वारा कोणत्या बाजूचा आहे ते त्यांस हळदीच्या वासावरून समजते.

तीन वर्षांमागे रस्ता रुंद करण्याच्या कामात त्या रांगेतील तो तिसरा निंब गेला. संध्याकाळी तो होता. सकाळी बुंध्याची पांढरी चकती आणि भोवती भुसा होता. रस्त्याची गरज होती की नव्हती, याचा निर्णय करण्याचा आम्हांस अधिकार नाही. वाहने वाढली आहेत हे खरेच. त्या रस्त्याने दिवसभरात शेकडो माणसे गेली असतील, परंतु झाड गेल्याची गोष्ट त्या सकाळी आमच्याशी दोघांनीच काढिली: एक त्या मशिदीजवळच्या गृहस्थांनी, आणि दुसरी रस्ता झाडणाऱ्या बाईंनी. इतर सर्वजण वाहनांवरून जात होते. घरी येताना आमची पावले जड झाली, ती झाडाकरिता थोडी आणि ओट्यावरच्या प्रश्नाकरिता अधिक. अण्णांनी नेहमीप्रमाणे विचारिले, ‘निंब?’ आम्ही जे झाले ते सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. वहिनींनी चहा आणून ठेविला, तो निवू लागला. मग ते म्हणाले, ‘बरे. आता चौथ्यालाच तिसरा म्हणत जा.’ तेव्हापासून आम्ही तसे म्हणतो.

एकत्र कुटुंबांत अशी माणसे असतातच. कोणाचे डोळे गेलेले असतात, कोणाचे गुडघे. कोणी बाळंतिणीच्या खोलीत, कोणी स्वयंपाकघरात अडकलेली असते. आमच्या पिढीपर्यंत कित्येक घरांतील स्त्रियांस वसंत म्हणजे चैत्रगौरीचे हळदीकुंकू, वाटल्या डाळीची कैरी आणि पन्हे, एवढाच भेटत असे; ज्या झाडाची ती कैरी, ते झाड मोहरलेले पाहण्यास त्यांस कोणी नेले नाही. यास्तव ज्यांस सकाळचा एक तास मोकळा आहे, त्यांनी बाहेर पडावे. ज्यांस शक्य आहे त्यांनी घरातील कोणास तरी बरोबर न्यावे. आणि परत आल्यावर पाहिलेले सांगावे. वर्तमानपत्रातील बातमी सर्वांस सारखीच मिळते. आपल्या गल्लीच्या टोकाच्या झाडाची बातमी आपल्यावाचून दुसरे कोणी आणणार नसते.

पुतण्याचा मुलगा सुट्टीत घरी आला की अलीकडे तोही आमच्याबरोबर निघतो. परवा आम्हांस किंचित कणकण होती म्हणून तो एकटाच जाऊन आला. त्याने ओट्यावर बसून अण्णांस किती पावले झाली ते प्रथम सांगितले. अण्णांनी ते ऐकून घेतले आणि विचारिले, ‘पिंपळ?’ मुलगा क्षणभर थांबला. मग म्हणाला, ‘पाने अजून लाल आहेत, पण खालची हिरवी व्हायला लागली.’ अण्णांनी पुढले नाव घेतले. निंबास मोहोर यावयाचा आहे. करंजाविषयी त्यांनी विचारिले नाही. ते पाडवा झाल्यावर विचारतात.